रविवारी घरावरून जाणाऱ्या विमानाबाबत

मी, खाली सही करणारा, वय ६९ वर्षे, धंदा पूर्वी चष्म्याचे दुकान, सध्या काही नाही, राहणार पाण्याच्या टाकीमागची इमारत, तिसरा मजला, एकटा. आज पोलीस ठाण्यात बोलावल्यावरून स्वतः हजर राहून, विचारले तसे सांगतो की,

वरील पत्त्यावर मी बरीच वर्षे राहतो. पत्नी वारली. एक मुलगी आहे. ती लग्न होऊन शहराच्या दुसऱ्या टोकाला, नदीपलीकडच्या वसाहतीत राहते. पत्त्यात 'एकटा' लिहायची गरज नव्हती, असे मी जबाब लिहून घेणाऱ्या हवालदार बाईंना म्हटले. त्या म्हणाल्या, "काका, रकाना आहे, भरावा लागतो." म्हणून तो शब्द ठेवला आहे.

माझ्याकडे हौशी वैमानिकाचा परवाना आहे. दोन माणसांचे, एका पंख्याचे छोटे विमान माझ्या मालकीचे असून ते शहराबाहेरच्या गवताच्या धावपट्टीजवळ पत्र्याच्या शेडमध्ये असते. परवाना आणि डॉक्टरी दाखला दोन्ही चालू आहेत. या वयात विमान कशाला, असे मला इथे विचारण्यात आले. हा प्रश्न तक्रारीत नाही, त्यामुळे त्याचे उत्तर दिलेले नाही.

तक्रार माझ्या जावयाने दिली आहे. तिच्यात म्हटले आहे की मी दर रविवारी सकाळी त्यांच्या घरावरून फार खालून विमान नेतो, घिरट्या घालतो आणि जाणूनबुजून त्रास देतो. यावर माझे म्हणणे असे की, मी विमान नेतो हे खरे. खालून नेतो हे खोटे. घिरट्या गिधाडे घालतात. मी घरावर एक वळण घेतो, पंख जरा कलता करतो आणि परत फिरतो. हवालदार बाईंनी आधी 'घिरटी' लिहिले होते, ते खोडून 'वळण' करून घेतले आहे.

उंचीबाबत पुरावा मागितल्यावरून मी माझा फोन ठाण्याच्या साहेबांपुढे ठेवला. त्यात विमानाची चार अ‍ॅप आहेत. साहेबांना ती माहीत नसल्याने एकेक उघडून दाखवले. पहिले हवामानाचे. वारा कुठून, ढग किती वर, धुके कधी उठणार, हे त्यात कळते. सकाळी उठल्यावर मी आधी ते बघतो, मग दात घासतो. दुसरे नकाशाचे. त्यात मनाई असलेला भाग लाल दिसतो आणि आपण गेलो ती वाट उंचीसकट उमटते. मुलीच्या घरावर लाल रंग नाही आणि माझी उंची नियमापेक्षा कमी एकदाही नाही. साहेबांनी ते स्वतः बोटाने मोठे करून पाहिले. फोन ऐन वेळी मान टाकतो म्हणून मी कागदी नकाशाही मांडीवर ठेवतो, तोही दाखवायची तयारी आहे.

तिसरे वजनाचे. आपले वजन, इंधनाचे वजन, शेजारच्या सीटवरच्या माणसाचे वजन भरले की विमानाचा तोल नीट आहे की नाही ते सांगते. साहेबांनी विचारले, "शेजारी कोण असतं?" मी म्हटले, "कोणी नाही." त्या जागी शून्य भरावे लागते. रिकामे ठेवले तर अ‍ॅप पुढे सरकू देत नाही. पत्नी असताना तिथे तिचे वजन असायचे. ती दोन किलो कमी सांगायची आणि मी मुकाट्याने दोन वाढवून लिहायचो. चोख अ‍ॅप आहे, त्याबद्दल तक्रार नाही.

चौथे अ‍ॅप आकाशातली बाकीची विमाने दाखवते, म्हणजे टक्कर होत नाही. तसेच एक अ‍ॅप साध्या माणसांसाठीही असते. आकाशाकडे फोन धरला की वर चाललेले विमान कोणते, किती उंच, कुठे उतरले, सगळे दिसते. ते मुलीच्या फोनमध्ये मीच टाकून दिले होते. तेव्हा ती कॉलेजात होती. गच्चीवर फोन धरून उभी राहायची आणि जिन्यातूनच आईला ओरडून सांगायची, "बाबा उतरले गं, तासाभरात येतील, ताटं घे."

घरावरून विमान नेण्याचे कारण विचारल्यावरून सांगतो. तिने फोन वर धरला तर तिला माझे विमान दिसेल, एवढेच कारण. ती धरते की नाही हे माझ्या चारही अ‍ॅपमध्ये कळत नाही.

मुलीशी माझे अडीच वर्षांत बोलणे नाही. पत्नी गेल्यानंतर तिने मला विमान विकायला सांगितले. मी नाही म्हटले. शब्दाने शब्द वाढला. विमान विकेपर्यंत मी तुमचा फोन उचलणार नाही, असे ती म्हणाली आणि ती बोलल्याप्रमाणे वागते. हा गुण तिने आईचा घेतला नाही, माझा घेतला. मधे पडून दोघांचे कान उपटील असे माणूस नात्यात उरलेले नाही.

यानंतर हवालदार बाईंनी तक्रारीचा राहिलेला भाग वाचला. त्यात असे आहे की, विमानाच्या आवाजाने घरातले पाच महिन्यांचे बाळ झोपेतून दचकून उठते. हे वाक्य मी पुन्हा वाचायला सांगितले. त्यांनी पुन्हा वाचले. कोणाचे बाळ, असे मी विचारले. साहेब म्हणाले, "तक्रारदाराचं. म्हणजे तुमच्या मुलीचंच की. तुम्हाला माहीत नाही?" मला माहीत नव्हते. मुलगा की मुलगी, असे मी विचारले. तक्रारीत तसे लिहिलेले नाही.

यापुढे मी त्या घरावरून विमान नेणार नाही. कोणी समज दिली म्हणून नव्हे. बाळ झोपलेले असते हे मला कोणी सांगितले असते तर मी पहिल्याच रविवारी नदीकडून वळलो असतो. साहेब म्हणाले की तसे लिहून दिले तर प्रकरण इथेच मिटेल. तसे लिहून देत आहे.

परंतु तक्रारीला जोडलेल्या चित्रांबाबत माझी हरकत आहे, ती नोंदवून घ्यावी. विमान माझेच आहे हे दाखवायला जावयाने पत्नीच्या, म्हणजे माझ्या मुलीच्या, फोनमधली पडद्याची चित्रे, म्हणजे स्क्रीनशॉट, काढून जोडली आहेत. ती त्या आकाशाकडे धरायच्या अ‍ॅपची आहेत. मी चष्मा लावून सर्व तपासली. एकाही चित्रात विमान हवेत नाही. प्रत्येकात ते धावपट्टीवर आहे, उंची शून्य, गती शून्य. म्हणजे मी उतरल्यावर घेतलेली आहेत. घरावरून गेल्याचा पुरावा म्हणून त्यांचा कवडीचा उपयोग नाही. जावईबापूंनी हात दाखवून अवलक्षण करून घेतले आहे, असे मी साहेबांना म्हणालो आणि हसलो. साहेबही हसले.

शिवाय त्यातले एक चित्र बुधवारचे आहे. त्या बुधवारी मी फक्त इंजिन बघायला धावपट्टीभोवती एक फेरी मारली होती. वसाहतीकडे गेलोच नव्हतो आणि फेरी मारणार असल्याचे कोणाला बोललोही नव्हतो. ते चित्रही मी उतरल्यावर लगेच घेतलेले आहे. ही हरकत सांगता सांगता माझ्या लक्षात आले, आणि मी थांबलो. हवालदार बाईंनी पाणी दिले. मला रडू आले. ते लिहू नका म्हटले होते, मग राहू द्या म्हटले. अडीच वर्षांत 'पोहोचलात का' असे विचारणारे मला कोणी नाही, असे मी समजत होतो. हरकत मागे घेतली आहे. चित्रांच्या प्रती मिळाव्यात अशी विनंती आहे.

चित्रे मुलीच्या फोनमधली असल्याने तिला एकदा विचारून खात्री करावी लागेल, असे साहेब म्हणाले. जावयाने तक्रार दिल्याचे तिला माहीत आहे की नाही, ते कागदांवरून कळत नाही. साहेबांनी टेबलावरचा ठाण्याचा फोन उचलला, तेव्हा मी त्यावर हात ठेवला. सरकारी कामात अडथळा आणण्याचा हेतू नव्हता. विमान विका म्हणाली त्या दिवशी मुलगी असेही म्हणाली होती, "बाबा, एक दिवस मला पोलिसांचा फोन येईल. विचारतील, तुम्ही त्यांची मुलगी का? त्या फोनची वाट बघत मी जगू का?" मी तिला वेड्यात काढले होते.

म्हणून माझे सांगणे असे की, ठाण्यातून तिला फोन करू नये. करणे भागच असेल तर नाव, नाते, तक्रार यातले काही आधी विचारू नये. वडील जिवंत आहेत, समोर खुर्चीत बसले आहेत, हे आधी सांगावे आणि ते मला सांगू द्यावे. माझ्या फोनवरून ती उचलत नाही. साहेबांनी हे मान्य केले असून ठाण्याचा फोन माझ्याकडे सरकवला आहे. नंबर मला पाठ आहे.

हा जबाब मला मोठ्याने वाचून दाखवला, तो मी सांगितल्याप्रमाणे बरोबर लिहिला आहे.

(सही)

नोंद : वरील सही वेडीवाकडी दिसत असली तरी जबाब देणाऱ्यांचीच आहे. सही करतेवेळी त्यांच्या दुसऱ्या हातात फोन होता आणि पलीकडून तो उचलला गेला. — जबाब लिहून घेणार, हवालदार.