सहलीचं सुतक

परवा आमच्या बाबूरावकडे काय झालं ते ऐका, चहा निवला तरी चालेल. बाबूराव बायकोला घेऊन काश्मीर फिरून आला आणि सोलापूर स्टेशनावर उतरतानाच त्याचा चेहरा पडला. घरी आल्यापासून दाढी नाही, धड जेवण नाही. ओट्यावर बसायचं, रस्त्यावरच्या धुळीकडे बघायचं आणि उसासे टाकायचे. वहिनी गरम भाकरी वाढायच्या, हा ताट सारायचा. शेवटी काळजीने त्यांनी मला बोलावून घेतलं.

मी पोचतो तोच शेजारच्या गंगाक्का झाकलेलं ताट घेऊन आल्या. आपल्याकडे कुणी गेलं की त्या घरची चूल पेटत नाही, शेजारी पिठलं-भाकरी देतात. अक्कांनी ताट ठेवलं, डोळ्यांना पदर लावला. "लई वाईट झालं बगा. कोण गेलं वो?"

बाबूरावने नुसता उसासा टाकला. मीच म्हणालो, "कुणी नाही. यांची सहल संपली."

"अगं बाई! म्या तर सगळ्या गल्लीला सांगितलं की!"

तेवढ्यात बाबूरावने झाकण उचललं. पिठल्याला लसणाची फोडणी होती. गड्याने दोन भाकऱ्या संपवल्या आणि ढेकर दिला. "आता बरं वाटतंय. अक्का, गल्लीला खरं काय ते सांगून टाका."

"थांबा अक्का," दारातून वहिनी म्हणाल्या. "इतके दिवस आयतं खाऊन आल्यावर मलाही चुलीकडे बघवत नाही. अजून चार दिवस कुणाला काही बोलू नका."