सदूकाकांची दुधाची टाकी

आमच्या चिंचवडच्या सदूकाकांनी दुधाचा धंदा का सोडला, ते सांगतो. लढाई संपल्यावर लष्करानं मोडीत काढलेली स्टीलची टाकी त्यांनी देहूरोडहून आणली होती. गावातलं दूध त्यात गोळा करून पुण्याला पाठवायचं, असा बेत होता. पण टाकीवर बाहेरून लष्करी हिरवा रंग होता. विटेनं घासला, कॉस्टिक सोडा लावला, तरी निघेना.

काकू म्हणाल्या, “राहू द्या की. दूध आत ऱ्हाणार, रंग बाहेरनं हाय.”

“लोक म्हणतील, ह्यात रॉकेल होतं. टाकी चांदीवानी दिसली पायजे,” काका म्हणाले. मग तेजाबात भिजवलेली गोणपाटं टाकीला गुंडाळून दोघं चाकणला लग्नाला गेले.

परत येईतो रंग निघाला होता. टाकी झकास दिसत होती. दुसऱ्या दिवशी लोकांनी दूध आणून ओतलं. काकांनी कौतुकानं टाकीवरून हात फिरवला, तर तो ओला झाला. तेजाबानं पत्र्याला सुईएवढी भोकं पाडली होती, आणि दूध सगळीकडून पाझरत होतं. त्यानंतर कुणी दूध घालायला आलं नाही.

नुकसान भरता भरता वर्षभरात काकांच्या स्वतःच्या म्हशीही विकल्या गेल्या. काका पिंपरीच्या कारखान्यात नोकरी मागायला गेले. साहेबानं विचारलं, “काय काम जमेल?”

काका म्हणाले, “रंगाचं सोडून काय बी द्या.”

घरी येऊन त्यांनी हे सांगितलं तेव्हा आम्ही सगळे हसलो. काका मात्र रिकाम्या गोठ्याकडं बघत बसले होते.