तीन वार म्हणायच्या आधी

आजच्या सोहळ्याचे अध्यक्ष आणि आमच्या सहलीचे व्यवस्थापक, मंचावर बसलेल्या जहाजाच्या डॉक्टरीणबाई, लग्नाची पन्नास वर्षं पूर्ण करणारे सत्कारमूर्ती माझे दादा आणि वहिनी, आणि सगळी सहल माझ्यासोबत जेवलेल्या, भांडलेल्या, पत्ते कुटलेल्या सहप्रवाशांनो,

उद्या सकाळी हे जहाज धक्क्याला लागेल. इथली रीत तुम्ही जाणताच. आज जेवणाआधी चिठ्ठी बांधलेल्या बॅगा खोलीच्या दाराबाहेर ठेवायच्या. जहाजाची माणसं त्या गोळा करतात आणि सकाळी त्या थेट धक्क्यावर भेटतात. लाल चिठ्ठीवाले सर्वांत आधी उतरणार.

आमच्या वहिनी आज माझ्या बायकोच्या कपड्यांत का बसल्या आहेत, हे कोडं अनेकांना पडलं असेल. दादानं त्यांचे झाडून सगळे कपडे बॅगेत भरले, बॅग दुपारीच बाहेर ठेवली आणि ती गेलीसुद्धा! या समारंभाचे कपडे तिच्यातच. वहिनी म्हणाल्या, "पन्नास वर्षांत माझ्या एका कपड्याची घडी घातली नाहीत, आजच कसला पुळका?"

पुळका नव्हता, वहिनी. सोंग होतं. त्या गोंधळात त्याच्या बॅगेकडे कुणी बघू नये म्हणून. त्याची बॅग पलंगाखाली आहे. तिची लाल चिठ्ठी त्यानं फाडून टाकली आहे.

अध्यक्ष महाराज, खुणा करू नका. वेळेचं भान आहे मला. वेळेचंच तर बोलतोय!

धक्क्यावरून दादाला सरळ रुग्णालयात जायचं आहे. त्याच्या घशातली गाठ कॅन्सरची आहे. स्वरयंत्र काढावं लागेल. माणूस वाचेल, आवाज जाईल. म्हणून तो उद्या उतरायलाच तयार नाही. हे भर सभेत सांगू नये, एवढं मला कळतं. पण खोलीत सांगून झालं, डेकवर सांगून झालं, पाया पडून झालं. वहिनी तर म्हणाल्या, "इतकी वर्षं मी तुमचं ऐकलं. आता जरा तुम्ही माझं ऐका. गप्प बसायला काय पैसे पडतात?" तो हसला. आणि मग म्हणाला, "अगं, मी फळबाजारातला लिलाववाला. आवाज गेला की उरतं काय? रिकामी पेटी."

रिकामी पेटी? मी आयुष्यभर सभा गाजवल्या, ग्रंथ पालथे घातले, सत्तेपुढे मान तुकवली नाही. आणि सख्ख्या भावाच्या एका 'नाही'पुढे माझी सगळी विद्या म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी! मग काय जाळायची आहे ती वाणी? ज्या माणसानं बाजारात घसा फोडून मला शिकवलं, त्याचाच जीव तिनं वाचत नसेल, तर माझ्या गळ्याचा उपयोग काय?

दादा, खाली बघू नकोस. मला तुझा लिलाव आठवतो. एक वार, दोन वार म्हणालास की तू थांबायचास. अख्खा बाजार ओरडायचा, "अहो, तीन वार म्हणा, उरका!" आणि तू मागच्या रांगेतल्या कुठल्याशा बुजऱ्या गिऱ्हाइकाकडे बघत राहायचास. "त्याचं मन अजून ठरतंय. ठरू दे." लोकांना वाटायचं, तुझं मोठेपण तुझ्या आवाजात आहे. नाही रे! ते त्या थांबण्यात होतं. आणि थांबायला स्वरयंत्र लागत नाही.

व्यवस्थापकांनी सोहळा घडवला, तुम्ही सर्वांनी निमूट ऐकून घेतलंत, मी ऋणी आहे. घरातली गोष्ट चव्हाट्यावर आणली. धाकट्याच्या तोंडी न शोभणारं काही निघून गेलं असेल, तर पदरात घ्या.

आता सत्कारमूर्तींनी उत्तर द्यायचं, असा प्रघात आहे. पण दादा, भाषण नको. बाहेर सामानाच्या गाड्या फिरू लागल्या आहेत, ऐक. वहिनींच्या हातात नवी लाल चिठ्ठी आहे. ती घे आणि बॅग दाराबाहेर ठेव. एवढंच उत्तर दे.

एक वार.

दोन वार.

गाठ थांबत नाही, असं डॉक्टरीणबाई म्हणतात. मी थांबलोय, दादा. ऊठ.