घरात आणखी कोण, विचारते करसल्लागार बाई

…आणि वर विचारते काय, तर "काका, घरात आणखी कोण?" अहो, मी शेअर विकायला आलोय, सोयरीक जमवायला नाही!

तुम्हाला सांगतो, शेअर तरी कसले… कारखान्यात फिटर होतो तेव्हा मालकाने बोनसच्या जागी कागद वाटले, आम्ही त्याला अशा शिव्या घातल्या की मशीनसुद्धा लाजलं, कागद गेले ट्रंकेच्या तळाशी, पुढे बँकेने ते मोबाइलवरच्या खात्यात चढवून दिले, आणि आता बघतो तर एकेकाला सोन्याचा भाव! मुलगा फोनवर म्हणतो, "बाबा, विकून मोकळे व्हा, तुमच्या मागे मी कुठे निस्तरत बसू?" बघा प्रेम! माझ्या मागचं सगळे बोलतात, पुढचं कोणी विचारतंय?

म्हणून गेलो या करसल्लागार बाईकडे. जिना चढून दार ढकललं… आहाहा! चार टेबलं, फोन खणखणतायत, कोण कोणावर खेकसतंय… माझ्या घरात बोलतो तो फक्त फ्रिज, आणि तोही मूड असला तर! बाईंनी खुर्ची दिली, चहा सांगितला, चष्म्यावरून बघितलं.

"काका, ठरावीक नफ्यापर्यंत दरवर्षी माणशी कर माफ. माणशी! म्हणून विचारते, घरात आणखी कोण?"

"आहे की! ट्यूबलाइटमागे पाल आहे. अंगठा चालेल तिचा?"

हसली नाही हो! पलीकडच्या टेबलावरचा टकलू मात्र चहा नाकातून काढेपर्यंत हसला.

"काकूंच्या नावावर काही शेअर?"

"ती गेली, बाई. भाव वाढायच्या आधीच गेली. तिचं सगळंच घाईचं."

बाईंनी पेन खाली ठेवलं. मग हळूच, "मुलाच्या नावावर थोडे करा." लावला फोन. "बाबा, मीटिंगमध्ये आहे, नंतर करतो." त्याचं ते नंतर अजून यायचंय!

"बरं, भाव पडलेला एखादा शेअर? तोटा नफ्यातून वजा होतो, कर कमी बसतो." म्हटलं, "तोटा रग्गड आहे हो, पण त्याची पावती कोणी दिली नाही."

शेवटी बाईंनीच टेबलावर थाप मारली. "सोपं आहे! सगळे एकदम विकू नका. यंदा थोडे, पुढच्या वर्षी थोडे… कर शून्य!" मी असा खूश! म्हटलं, म्हणजे दरवर्षी यायचं तुमच्याकडे? तर म्हणते, "छे! यायचं कशाला? घरबसल्या मोबाइलवर बटण दाबायचं. पुन्हा माझं तोंड बघायला नको!"

घरबसल्या! अहो, घरी बसून बसून तर भिंतीला माझ्या पाठीचा छाप पडलाय… आणि ही मला तोच उपाय सांगते!

मग मी काय केलं? बटणच दाबायचं ना? दाबलं! सगळेच्या सगळे शेअर एका झटक्यात विकून टाकले, आणि दुसऱ्या दिवशी त्याच खुर्चीत हजर! बाईंनी कपाळावर हात मारला. "काका, काय करून बसलात! आता केवढा कर! हप्त्याहप्त्याने भरा, सह्या करा… वर्षभर खेपा घालाव्या लागतील!"

"अरेरे… खेपा?" मी तोंड एवढंसं केलं. आत नुसत्या गुदगुल्या! टकलूने हळूच डोळा मारला, त्याला कळलं होतं.

पहिल्या हप्त्याला गेलो. इस्त्रीचा शर्ट, दाढी गुळगुळीत, मुलाच्या चार तक्रारी जिन्यातच पाठ केलेल्या. तर बाई धावत दारात! "काका, या वयात जिना कशाला चढलात? मला राहवेना बघा. मी सोय केलीय, सगळे हप्ते तुमच्या खात्यातून मीच इथून भरणार, सहीसुद्धा मोबाइलवर. फी नको. तुम्ही आता निवांत घरी बसा!"

एवढी माया केल्यावर भांडता तरी येतं का हो? चहा प्यायलो, थेंब थेंब, थंड होईपर्यंत. कर पुरता बसला आणि खुर्चीही गेली!

घरी आलो, दिवा लावला. पालीने मान वर केली. म्हटलं, "काय बाई, घरात आणखी कोण?"

चुकचुकली बिचारी… म्हणजे तिलाही कोणी नाही!