ढप्

ढप्... असा आवाज आला होता. तेहतीस वर्षं झाली त्याला, आणि तो आवाज काही माझ्या बोटांतून जात नाही. कसला आवाज ते सांगतो, पण आधी मला सांगा, माणसानं जन्मभर होड्या बांधल्या म्हणून त्याला जगातलं काहीही आणून दाखवायचं? आमच्या दाभोळात कुणी पलंग घेतो, कुणी दार घेतो, आणि सगळे माझ्या अंगणात. ‘आबा, जरा वाजवून बघा.’ अहो, मी आपला लाकूड वाजवून बघणारा माणूस. फळीला कान लावायचा, बोटाच्या पेरानं ठोकायचं, खणखणली तर चांगली, ढप् म्हणाली तर आतून गेलेली. एवढंच येतं मला. शाळा चौथीपर्यंत, तीही पावसात बंद.

तर नात आली शनिवारी. मृणाली. रत्नागिरीत रक्त तपासतात तिथं कामाला आहे. एसटीतून उतरली ती पाठीला हे एवढं लांब काळं गाठोडं, आणि हातात खोका. म्हणाली, ‘आबा, कंडक्टर हिचं अर्धं तिकीट मागत होता.’ म्हटलं, हिचं म्हणजे कुणाचं? तर गिटार. विजेची. फोनवरून मागवलेली, नऊ हजाराला, सोबत आवाजाचा डबा फुकट. आता तिचा बाप, म्हणजे आमचा सुजय, तो पडवीत उभाच होता. तो कसा बोलतो ठाऊक आहे ना... भिंतीकडे बघून. ‘नऊ हजारात गिटार येते काय गो? खेळणं असणार ते. सोमवारी परत करायची मुदत संपते. आबा वाजवून बघतील. हो म्हणाले तर ठेव, नाय म्हणाले तर खोक्यात घाल. आपल्या घरात तसंच असतं.’

शेवटचं वाक्य त्यानं कुणासाठी म्हटलं ते मला कळलं. पोरगी म्हणाली, ‘चालेल. आबा सांगतील तसं.’ आणि गिटार माझ्या मांडीवर ठेवली, तान्हं मूल ठेवतात तशी. कित्येक महिने पगारातून बाजूला काढत होती, हे तिनं सांगितलं नाही, मला तिच्या झिजलेल्या चपलांवरून कळलं.

आता मी काय करणार? मी आपला लाकूड वाजवून बघणारा माणूस. कान लावला, पेरानं ठोकलं.

ढप्.

परत ठोकलं, वर, खाली, कडेला... ढप्, ढप्, ढप्. म्हटलं, ‘बाय माझी, आतून गेलंय गो हे.’ पोरीनं नुसतं ‘बरं’ म्हटलं आणि खोका उघडायला बसली. रडली असती तर बरं झालं असतं. सुजय चिकटपट्टी आणायला आत गेला.

आणि मला ती गिटार हातातून काही सोडवेना. म्हणजे बघा, दांडा डोळ्यासमोर धरला, आपण फळीचा पीळ बघतो तसा एक डोळा मिटून... केसाएवढा बाक नाही. त्यावर बावीस आडव्या पट्ट्या, पितळेच्या असाव्यात, एकीमागून एक, गिटारच्या अंगाकडे येतील तशा जवळ येत गेलेल्या, कुणी कसल्या दोरीनं मापल्या असतील? अंगठा फिरवला तर दोन ठिकाणी टोचलं. टोकं घासायची राहिलेली. बरं वाटलं मला. म्हटलं, करणारा माणूसच आहे, त्यालाही घाई होती. एक खुंटी जरा ढिली. एका तारेला मधेच खरखर. पण अंगावरचा रंग असा, की माझी पिकलेली दाढी त्यात दिसत होती. नऊ हजारात मी तुम्हाला साधा देव्हारा करून देणार नाही, आणि हे कुठून समुद्रापलीकडून आलं, ना ओरखडा, ना चीर. मागचं झाकण उघडलं, चार स्क्रू, आत कोरं लाकूड. वास घेतला. हलकं होतं, ओळखीचं नव्हतं, पण कोरडं ठणठणीत. कीड नाही, कूज नाही. मग ढप् का?

‘आबा,’ पोरगी हळूच म्हणाली, ‘एकदा वाजवून बघू? मग भरते खोक्यात.’ डब्याला वायर लावली, एक तार छेडली...

काय सांगू तुम्हाला? मी खाटेवर बसलो होतो. आवाज आधी खाटेच्या पायातून माझ्या पायात आला, मग छातीत, मग कानात. आणि थांबेना. देवळातली घंटासुद्धा दमते हो, हा आपला चाललाय, चाललाय, खाडीवरून लाँच पलीकडे जावी तसा बारीक होत होत... मी श्वास धरून बसलेलो. म्हटलं, ह्या मुक्या लाकडातून? ती म्हणाली, ‘आबा, हिच्यातल्या लाकडानं बोलायचं नसतं. गप्प राहून तारेला बोलू द्यायचं असतं.’

आणि तिथं मला ती ढोलकी आठवली.

सुजय तेव्हा चौदा वर्षांचा. गणपतीतल्या जाखडीच्या नाचात वाजवायची म्हणून ढोलकी घेऊन आला, करवंदं विकून जमवलेल्या पैशांची. भर आषाढ, चामड्याच्या पुड्या ओलसर, सैल. मी ठोकली. ढप्. म्हटलं, आतलं लाकूड, खोड गेलंय, परत दे. पोरानं परत दिली. ती खालच्या वाडीतल्या भागोजीनं घेतली, चुलीवर शेकली, ताणली, आणि मग दर गणपतीत... वीस वर्षं, तुम्हाला सांगतो, वीस वर्षं ती खालून खणखणत वर यायची. भागोजी भेटला की म्हणायचा, ‘आबा, काय खोड हाय हो, सोनं!’ आणि सुजय उठून दार लावून घ्यायचा. त्यानं पुन्हा कशाला हात लावला नाही. मीही काही बोललो नाही. एकदा ‘नको’ म्हटलेलं मी कधी फिरवलं नव्हतं, बंदरात तेवढीच माझी पत.

तेवढ्यात सुजय दारात, हातात चिकटपट्टी. आवाज त्यानंही ऐकलेला. मी म्हटलं, ‘ठेवू दे तिला गिटार. पट्ट्यांची टोकं मी कानशीनं घासून देतो. वाजवून बघताना माझं चुकलं.’

तो पहिल्यांदाच माझ्याकडे बघून बोलला. ‘कधी?’

म्हटलं, ‘दोन्ही वेळा.’

त्यानं चिकटपट्टी माझ्या हातात दिली, रिकामा खोका उचलला, आणि माळ्याच्या जिन्यानं वर गेला. जिना माझ्याच हातचा, सागाचा. मी कान लावून ऐकत राहिलो. मी आपला लाकूड वाजवून बघणारा माणूस... बारा पायऱ्या वाजल्या, सगळ्या खणखणीत, पण वर जाणाऱ्याच्या आत काय आहे ते काही कळलं नाही.