सगळी मतं एकाच पत्त्यावरून

(आष्टी. कल्याणच्या कम्प्युटर क्लासमध्ये त्याची अकरावीतली चुलतबहीण राजनंदिनी.)

राजनंदिनी : ही फाईल वाच, दादा. मोठ्यानं.

कल्याण : माझीच फाईल मला काय वाचायला लावतीस? समोरच्या सर्व्हरची हाये. शाळेच्या वेबसाइटवर कुणीबी आलं की आधी ह्याच्याकडं येतं, मंग हा त्याला मागं, तू जावात लिहिलेल्या मतदानाच्या सर्व्हरकडं धाडतो. रिव्हर्स प्रॉक्सी. शिकवलं न्हाई का तुला?

राजनंदिनी : शिकवलंस ना! अन् मी बराबर शिकले, तेच नडलं तुला. आलेल्याच्या मशीनचा खरा पत्ता मागं कळवायची ओळ कधी टाकलीस?

कल्याण : पहिल्यापासून हाये ती.

राजनंदिनी : थाप! फाईलवर तारीख असती. मंगळवार, दुपारी तीन. विद्यार्थी प्रतिनिधीचं मतदान सोमवारीच संपल्तं.

कल्याण : राह्यली असंल एखादी ओळ.

राजनंदिनी : ती एक ओळ नव्हती म्हणून माझ्या सर्व्हरला प्रत्येक मत तुझ्या प्रॉक्सीवरूनच आल्यासारखं दिसलं. म्हणजे तो प्रॉक्सी चालतो त्या शाळेच्या लॅबमधल्या मशीनवरून. मी निवडून आलेल्या मीनाची मतं बघितली. एकशे ऐंशी मतं, पत्ता एकच. अन् लॅबची किल्ली मीनाकडं. झालं! पळत गेले सरांकडं. म्हणलं, मीनानं एकटीनं बसून टाकलीत सगळी.

कल्याण : मंग दुसऱ्यांची मतं का न्हाई बघितली?

राजनंदिनी : न्हाई बघितली. ती चूक माझी, बिलकुल माझी. आज हरलेल्या बेबीनंदाची बघितली. तिचीबी सत्तावीस त्याच पत्त्यावरून! पण तुला तर मंगळवारीच कळल्तं. गुरुवारी परिपाठाला सरांनी मीनाला पुढं बोलावून सगळ्यांदेखत चोर म्हणलं, तवा तू तिथंच माईकची वायर धरून हुभा होतास.

कल्याण : संस्थेच्या तिन्ही शाळांचं काम मला द्यायचं चाललंय, नंदे. पहिल्याच कामात चुकलो म्हणलं असतं, तर दिलं असतं का?

राजनंदिनी : म्हणून मीनाला चोर होऊ दिलंस?

कल्याण : आठ दिसांत इसरतेत लोक.

राजनंदिनी : तिचा बाप उद्या दाखला काढून राह्यलाय. वाटूरला मामाकडं धाडणारेत तिला.

कल्याण : मला न्हाई माहीत हे.

राजनंदिनी : इचारलंस कुणाला? अख्ख्या वर्गात मिरवायचे मी, माझा दादा सर्व्हर लावतो, मलाबी शिकवतो म्हणून. चुकलास त्याचा राग न्हाई रे मला. मी खोटं बोलून आले, तू ते ऐकलंस, अन् वरून मला शाबासकी दिलीस! पेढा भरवलास!

कल्याण : थांब, कुठं निघालीस?

राजनंदिनी : मीनाच्या घरी. मंग सरांकडं.

कल्याण : माझं नाव घेशील?

राजनंदिनी : घेईन. आधी माझं.