देवाच्या गाईचा मका

मंडळी, एक विचारतो. देवासाठी केलेली चूक कोणाची? देवाची, की आपली? सांगू नका लगेच. आधी ऐका.

एक गाव होतं. नाव सांगत नाही, तुमचे पाहुणे निघायचे. गावभर मका, आणि मक्यावर लष्करी अळी. कोवळ्या पानांच्या पोंग्यात शिरते, पानं खाते आणि मागे भुसा ठेवते. नावच लष्करी – आली की मुक्काम ठोकते!

त्या गावात अनुसयाबाई दांडगे. चार शेतांत तिने सापळे टांगलेले. अळीचेच पुढे पतंग होतात; दर गुरुवारी आत अडकलेले पतंग मोजायची, वहीत लिहायची. श्रावणात एका सापळ्यात चाळीस. थंडीत दहा. उन्हाळ्यात दोन-तीन, तेही जिथे गुरांसाठी हिरवा मका असेल तिथेच. ती म्हणाली, "अळी उन्हाळ्यात मरत नाही. आपण तिला पोसतो. दोन महिने मका बंद ठेवा."

गावाला पटलं. पाडव्याला देवळात बेल-भंडारा उचलून सगळ्यांनी शपथ घेतली. अनुसयाबाईची म्हैस होती. हिरव्या चाऱ्याशिवाय दूध देईना, आणि दुसरा चारा मिळेना. शपथ म्हणजे शपथ; बाईने म्हैस विकली.

वैशाखात तिने सापळे पाहिले. तीन रिकामे. चौथ्यात अकरा पतंग.

चौथा कुठे होता? देवळामागे. तिथे पाच गुंठे हिरवागार मका डुलत होता – देवाच्या गाईसाठी. शपथ गावाने घेतली होती; गाईने कुठे घेतली?

बाई वही घेऊन देवस्थानचे अध्यक्ष त्र्यंबकअण्णा यांच्याकडे गेली. "अण्णा, हा मका आजच कापा."

"वहिनी, देवाच्या शेतात कीड कशी असेल?"

"अळीला देऊळ कळत नाही, अण्णा. तिला मका कळतो."

"मग गाईने उपाशी राहायचं?"

"माझी म्हैस गेलीच की."

अण्णा शांतपणे म्हणाले, "म्हैस वेगळी, वहिनी."

ओट्यावर वीस माणसं बसली होती. सगळ्यांना अकरा म्हणजे किती ते कळत होतं. एकाने खाकरून घेतलं. बस, तेवढाच विरोध.

आषाढात मका गुडघ्याएवढा झाला. आधी देवळालगतचं शेत गेलं. ते कोणाचं? अनुसयाबाईचं. मग गावाचं. श्रावणात एका सापळ्यात सत्तर पतंग. तिने तेही लिहिलं.

गोपाळकाल्याला महाप्रसाद होता. देवाच्या गाईच्या दुधाची खीर. अनुसयाबाई पंगतीत बसली, द्रोण रिकामा केला आणि वाढणाऱ्या अण्णांना म्हणाली, "खीर चांगली झालीय. माझ्या म्हशीच्या दुधाची अशीच व्हायची."

अण्णा पुढच्या पानाकडे गेले. कोणी मान वर केली नाही. पण खीर कोणी टाकली का? नाही. प्रसाद टाकत नाहीत.

आता सांगा, चूक कोणाची? अण्णांची म्हणाल. सोपं आहे, अण्णा इथे नाहीत. ओट्यावरच्या वीस माणसांचं काय करायचं?

मंडळी, दिवस उन्हाळ्याचे आहेत. येताना तुमच्या देवळामागे मी हिरवा मका पाहिला. आणि आत्ता स्वयंपाकघरातून खिरीचा वास येतोय. मीही खाणार आहे. कीर्तनकाराला नाही म्हणवत नाही. पण द्रोण हातात घेण्याआधी एकाने तरी उठून विचारा – इथे सापळा कोण मोजतं, आणि तिची म्हैस अजून दावणीला आहे का?